लेकीच्या पाठवणीला 'गंगा जमुना' लावावं का? (आणि आपल्या ठाण्याच्या पी. सावळारामांबद्दल)

माजघर (१६ नोव्हेंबर, रात्री १०.१०)

नमस्कार मंडळी,

येत्या सात डिसेंबरला माझ्या लेकीचं लग्न आहे. हॉल नौपाड्यातला, सासर ऐरोली. काल साउंडवाल्याचा फोन आला. मंगलाष्टकं, जेवणाच्या वेळची सनई, सगळं लिहून घेऊन शेवटी म्हणाला, "ताई, पाठवणीला काय लावू?" मी म्हटलं, 'गंगा जमुना डोळ्यांत उभ्या का', तेच ते, 'दिल्या घरी तू सुखी राहा'वालं. यात विचार करण्यासारखं काही असेल असं मला वाटलंच नव्हतं. माझ्या पाठवणीला बँडवर तेच वाजलं होतं.

लेक समोर बसून पाहुण्यांची यादी तपासत होती. ती म्हणाली, "आई, ते नको. 'दिल्या घरी' काय? मला कुणी देत नाहीये, मी जातेय." आवाज चढवून म्हणाली असती तर मी वाद घातला असता. शांतपणे म्हणाली, म्हणून जास्त लागलं. सासूबाई शेजारी मेथी निवडत होत्या. त्या काहीच बोलल्या नाहीत. रात्री ओटा पुसताना मात्र तेच गुणगुणत होत्या.

थोड्या वेळानं लेकीनंच विचारलं, "पण लिहिलंय कुणी हे?" मी म्हटलं, "पी. सावळाराम. आपल्या ठाण्याचेच." "म्हणजे कोण?" यावर मला दोन वाक्यांपलीकडे काही सांगता येईना. ज्यांची गाणी पाळण्यापासून ऐकली, त्यांच्याबद्दल एवढंच ठाऊक असावं याचं फार वाईट वाटलं.

तर दोन गोष्टी विचारायच्या आहेत. पाठवणीला हे गाणं लावावं की लेकीचं ऐकावं? आणि सावळारामांबद्दल जे जे ठाऊक असेल ते इथे लिहा. लग्नाच्या गडबडीतही मी वाचणार आहे.

चहाबिस्किट

लग्नाबद्दल अभिनंदन! लेकीचं ऐका. (जागा पकडून ठेवतोय, सावकाश वाचतो.)

तलावपाळी

माजघर, अभिनंदन. तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो आम्हा जुन्या ठाणेकरांच्या जिव्हाळ्याचा आहे.

मूळ नाव निवृत्तीनाथ रावजी पाटील. जन्म ४ जुलै १९१४, गाव येडेनिपाणी, तालुका वाळवा. आज सांगली जिल्हा म्हणतो, पण त्यांचा जन्म झाला तेव्हा तो भाग सातारा जिल्ह्यात होता. पुढे ते ठाण्याला आले आणि ठाण्याचेच झाले. २१ डिसेंबर १९९७ ला गेले.

नव्या मंडळींना सहसा ठाऊक नसतं ते असं, की ते ठाण्याचे नगराध्यक्ष होते. महापौर नव्हे, नगराध्यक्ष. महापालिका झाली १९८२ साली, त्याआधी इथे नगरपालिका होती. ज्या हातानं 'सप्तपदी हे रोज चालते' लिहिलं, त्याच हातानं गटारं, दिवाबत्ती आणि पाणीपट्टीच्या कागदांवर सह्या केल्या. मला या गोष्टीचं कायम अप्रूप वाटत आलंय. जनकवी ही उपाधी त्यांना शोभते ती नुसत्या गाण्यांमुळे नाही. या माणसाच्या दारात लोक गाणं मागायला येत असतील तसे नळाची तक्रार घेऊनही येत असतील.

महापालिका त्यांच्या नावानं पुरस्कार देते, आणि त्यातल्या एका पुरस्काराचं नावच 'गंगा-जमुना' आहे. लेकीला एवढं जरूर सांगा.

घोडबंदर_गजाली

नौपाड्यातून ऐरोली! अहो ताई, संध्याकाळी कळव्याच्या पुलावर गाडी अडकली की सगळ्या वऱ्हाडाच्या डोळ्यांत गंगा जमुना आपोआप उभ्या राहतील, वेगळं गाणं कशाला लावायचं?

गंमत सोडा. सावळाराम माझेही फार आवडते. त्यांचं 'चाफा बोलेना' लागलं की मी गाडी बाजूला घेतो.

लाखेची_तबकडी

गजालीभाऊ, 'चाफा बोलेना' कवी बी यांचं, म्हणजे नारायण मुरलीधर गुप्ते यांचं. गल्लत कशी होते ते समजू शकतो, कारण चाल वसंत प्रभूंची आणि आवाज लताबाईंचा. सावळारामांच्या बहुतेक गाजलेल्या गाण्यांमागे हीच दोन नावं आहेत, त्यामुळे या जोडीचं काहीही कानावर पडलं की तिसरं नाव आपण सावळारामांचं धरून चालतो. तसंच 'मधु मागशी माझ्या सख्या परी' हे भा. रा. तांब्यांचं. तेही पुष्कळ जण सावळारामांच्या खात्यावर जमा करतात.

आता थोडं विस्तारानं लिहितो. माझ्याकडे वडिलांनी जमवलेल्या लाखेच्या तबकड्या आहेत. लाखेची तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेते, आणि दहा इंची तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन, फार तर सव्वातीन मिनिटं मावतात. तेवढ्यात आधी वाद्यांचा तुकडा, मग धृपद, मग कडवी, प्रत्येक कडव्यानंतर पुन्हा धृपद. हिशेब केला तर गीतकाराच्या वाट्याला दहा-पंधरा ओळी येतात. त्यात माणूस उभा करायचा, प्रसंग उभा करायचा, आणि ऐकणाऱ्याला पहिल्याच ओळीत धरायचं, कारण पिन उचलली की खेळ संपला.

आता 'गंगा जमुना'ची पहिली ओळ बघा. ती सरळ प्रश्नानंच सुरू होते. कोण बोलतंय, कुणाशी, कुठल्या घडीला, सगळं त्या एका प्रश्नात आलं. डोळ्यांत पाणी आलं असं तो म्हणत नाही. उभ्या आहेत म्हणतो, म्हणजे अजून ओघळलेल्या नाहीत, पापणीच्या काठावर अडून आहेत. 'उभ्या' हा शब्द कुठल्याही घरातला. मराठीत इतका साधा शब्द इतक्या नेमक्या जागी बसलेला मी फार थोड्या गाण्यांत पाहिलाय.

लहानपणी मला पिन बदलायचं काम असे. पोलादी पिन एक-दोन बाजू वाजल्या की बोथट व्हायची आणि बदलली नाही तर तबकडी खरवडायची. आमच्या 'गंगा जमुना'वर एका ठिकाणी चरा पडलाय. त्यामुळे आजही कुठेही ते गाणं ऐकताना त्या जागी माझा कान टक् ऐकू येण्याची वाट बघतो.

वाळव्याचा_पाव्हणा

तलावपाळी साहेब, येडेनिपाणीचं नाव वाचून उर भरून आला. मी त्याच तालुक्यातला, आता वीस वर्षं कळव्यात. आमच्याकडं अजून सांगतात, गाण्यातले सावळाराम आपल्या निपाणीचे.

मला एक वाटतं ते सांगतो. आमच्या भागात बायका पहाटे जात्यावर ओव्या म्हणायच्या. माझी आजी म्हणायची. त्या ओव्यांत काय असायचं? माहेरची वाट, भाऊ न्यायला येणं, सासरचं अंगण, लेकीला दिलेलं लांबचं गाव. सगळं बाईच्या तोंडून. सावळारामांनी हेच उचललं आणि तबकडीवर नेऊन ठेवलं. पुरुषानं लिहिलंय पण बोलते बाईच, आणि ती खोटी वाटत नाही. 'घट डोईवर घट कमरेवर' घ्या. जिनं पाणी आणलंय तिलाच कळतं की डोईवरचा घट सांभाळताना कमरेवरचा कसा हिंदकळतो. हे पुस्तकात वाचून येत नाही, त्यासाठी आडावर उभं राहिलेलं पाहिजे.

अनघा_वाशी

वाचतेय, आणि सगळ्यांबद्दल आदर ठेवून वेगळं मत मांडते.

माजघर, तुमची लेक बरोबर आहे. गाणं सुंदर आहे, चाल सुंदर आहे, तबकडीकाकांनी 'उभ्या'बद्दल लिहिलेलं तर फार आवडलं. पण 'दिल्या घरी तू सुखी राहा' हा आशीर्वाद ज्या काळातला आहे त्या काळात दिल्या घरी दुःखी असलेल्या मुलीला परत यायला दार नव्हतं. माझ्या मावशीला नव्हतं. ती दोनदा माहेरी आली आणि दोन्ही वेळा हेच वाक्य ऐकून परत गेली. ज्या वाक्यानं मावशीला दाराबाहेर काढलं ते मला गाण्यात गोड वाटत नाही. यात कवीचा दोष आहे असं मी म्हणत नाही. पण ज्या मुलीचं लग्न आहे तिला ते टोचत असेल तर त्या दिवशी ते नको.

रेघोट्या

अनघाताईंशी सहमत. आणखी एक मुद्दा. आपण सावळारामांना कवी म्हणतोय, पण चालीच्या मापात शब्द बसवणारा तो गीतकार. कवीची आणि गीतकाराची पायरी वेगळी असते असं माझं प्रामाणिक मत आहे.

लाखेची_तबकडी

रेघोट्या, वसंत प्रभूंनी तांब्यांच्या कवितेला चाल लावली, बींच्या कवितेला लावली आणि सावळारामांच्या गीतांनाही लावली. मी तिन्ही तबकड्या एकामागून एक लावतो तेव्हा मला पायऱ्या दिसत नाहीत. तांब्यांची ओळ समजायला मला दोनदा ऐकावी लागते, सावळारामांची एकदाच. एकदाच ऐकून कळणारं आणि पन्नास वर्षांनी पुन्हा ऐकलं तरी न विटणारं लिहिणं ही खालची पायरी असेल तर तिथवर पोचलेले किती जण सापडतील?

आणि हेही बघा की ही वाट तेव्हा नवी होती. भावगीत हा प्रकारच १९३० च्या दशकात तबकड्यांमुळे घरोघरी पोचला. जी. एन. जोशी यांनी ना. घ. देशपांड्यांची 'रानारानांत गेली बाई शीळ' गायली तिथून धरतात. पण ती आधी कविता होती, मागाहून गाणं झाली. तबकडीसाठी, गळ्यासाठी म्हणून लिहायचं आणि तरीही कविता सुटू द्यायची नाही, हे काम ज्यांनी सुरुवातीला निभावलं त्यांत सावळाराम फार वरचे.

चहाबिस्किट

'जो आवडतो सर्वांला, तोचि आवडे देवाला' पण यांचंच आहे का? आमच्या शाळेत रोज सकाळी व्हायचं. मी आजवर ते संतांचं समजत होतो!

तलावपाळी

हो, त्यांचंच. आणि तुम्ही एकटे नाही. गाणं इतकं लोकांचं झालं की लिहिणाऱ्याचं नाव गळून पडलं आणि लोकांनी ते संतांच्या पदरात टाकलं. गीतकाराला याहून मोठा मान काय मिळणार? पण नाव गळून पडलं याची हळहळही वाटतेच.

घोडबंदर_गजाली

चाफ्याबद्दल कान पकडतो, तबकडीकाका.

मला एक सुचलंय. नवरामुलगा ऐरोलीचा ना? मग 'जेथे सागरा धरणी मिळते' लावा की! खाडी तिथेच आहे, फ्लेमिंगोही येतात. सुमन कल्याणपूरांचा आवाज, वसंत प्रभूंची चाल, गीत सावळारामांचंच. 'पुत्र व्हावा ऐसा' मधलं, १९६१ चं. कुणी कुणाला देत नाही, ती स्वतः जाऊन वाट बघते. अनघाताई, हे चालेल ना?

अनघा_वाशी

हे पळेल! गजालीभाऊ, यावर तुम्हाला एक वडापाव माझ्याकडून.

कोपरीकर_आजी

नातू लिहून देतोय, मी सांगतेय.

माझं लग्न १९६४ साली झालं. ठाण्याची मुलगी, दिली मुरबाडच्या पुढे आत एका गावात. तेव्हा एसटी फाट्यापर्यंत जायची, पुढे चालत. आमच्या पाठवणीला बँडवाल्यानं पावरीसारख्या कसल्याशा वाद्यावर 'गंगा जमुना' वाजवलं. नातू म्हणतो क्लॅरिनेट असेल. शब्द नव्हते, नुसती चाल, पण मांडवातल्या प्रत्येक बाईच्या तोंडात शब्द होते. माझी आई रडली नाही. तिनं माझ्या पदराच्या टोकाला गाठ मारून दिली आणि म्हणाली, घरी गेल्यावर सोड. मी रात्री सोडली. आत एक रुपया आणि चार पोस्टकार्डं, दुमडलेली. चारही कार्डांवर आमच्या ठाण्याच्या घरचा पत्ता आईनं दादाकडून आधीच लिहून घेतला होता, कारण मला लिहायला जमतं पण पत्ता चुकेल अशी तिला भीती. कार्डाची मागची बाजू कोरी.

ती लेक जी म्हणाली मला कुणी देत नाही, ती खरंच म्हणते. आम्हाला दिलंच होतं. पण अनघाबाई, आमच्या आयांनाही ते आवडत होतं असं समजू नका. गाण्यातली आई 'जा' म्हणते, पण पोरीचे डोळे का भरले हेही तीच विचारते. तिला काय ठाऊक नाही का? ठाऊक असूनही विचारते, कारण दुसरं काही तिच्या हातात नाही. माझ्या आईच्या हातात चार कार्डं होती.

त्यातलं एक कार्ड मी वापरलं नाही, अजून आहे माझ्याकडे.

माजघर

आजी, काय लिहिलंत. मी ऑफिसात वाचलं आणि उठून बाहेर गेले.

अनघा_वाशी

आजी, तुम्हाला नमस्कार. माझ्या मावशीला मी तुमचं पोस्टकार्ड वाचून दाखवलं. ती म्हणाली, "माझ्या आईला असं सुचलं असतं तर!" माझं मत मी बदललं नाहीये, पण त्या 'का'बद्दल तुम्ही सांगितलंत तसा विचार मी कधी केला नव्हता.

वाळव्याचा_पाव्हणा

आजी, दंडवत. आमच्याकडं म्हणतात, लेकीची माया पदराच्या गाठीत. आज कळलं कशाला म्हणतात.

रेघोट्या

माझा मुद्दा मागे घेतो. वाद हरलो म्हणून घेत नाही, आजींमुळे घेतोय.

पहाटवेळ

उशिरा आले. सगळे लेकीच्या गाण्यांबद्दल बोलताय म्हणून लिहिते. 'कल्पवृक्ष कन्येसाठी लावुनिया बाबा गेला'. हे गाणं दीनानाथ मंगेशकरांना स्मरून आहे. ते १९४२ ला गेले तेव्हा लताबाई बारा वर्षांच्या होत्या, आणि पुढे त्यांनीच ते गायलं. मी नववीत असताना माझे बाबा गेले. ते एसटीत वाहक होते. कल्पवृक्ष वगैरे काही लावला नाही त्यांनी, दोन खोल्या आणि माझ्या फीची पावती तेवढी मागे होती. पण हे गाणं रेडिओवर लागलं की आई आवाज मोठा करायची, माझ्याकडे बघायची नाही, काही बोलायची नाही. ओळीत 'कल्पवृक्ष' असला तरी मला आमच्या चाळीमागचा शेवगाच दिसायचा, तो बाबांनी लावला होता. त्याच्या शेंगांची आमटी अजून माझ्या तोंडात आहे.

चहाबिस्किट

पहाटवेळ, यावर काय लिहू. फक्त वाचलं हे सांगतो.

तलावपाळी

रेडिओवरून आठवलं. आम्हाला गीतकारांची नावं पाठ कशी? आकाशवाणीमुळे. 'आपली आवड' असो की कामगार सभा, गाण्याआधी किंवा नंतर तिन्ही नावं सांगितली जायची. गायिका लता मंगेशकर, गीत पी. सावळाराम, संगीत वसंत प्रभू. रोज ऐकून ऐकून ती तीन नावं एकाच घरातली असावीत तशी वाटायची. आता मोबाइलवर गाणं लावलं की गायिकेचं नाव आणि फोटो येतो. लिहिणाऱ्याचं नाव शोधायला बोट खाली खाली न्यावं लागतं, आणि पुष्कळदा तिथेही ते चुकीचं असतं किंवा नसतंच. माजघर, तुमच्या लेकीला नाव माहीत नव्हतं यात तिची काही चूक नाही. तिला ते कुणी ऐकवलंच नाही.

लाखेची_तबकडी

+१. माझ्याकडच्या तबकडीवरही गायिकेचं नाव ठळक आणि गीतकाराचं बारीक. पण आहे तरी.

वसंत प्रभू १९६८ साली गेले, जेमतेम ४४ वर्षांचे असताना. त्यानंतर सावळाराम जवळजवळ तीस वर्षं होते. जोडीतला एक इतक्या लवकर जातो तेव्हा दुसऱ्याचं काय होत असेल, असा विचार तबकड्या पुसताना मनात येतो. दुसऱ्या संगीतकारांबरोबरही त्यांची मोठी गाणी आहेत. 'मोलकरीण' मधलं आशाबाईंचं 'देव जरी मज कधी भेटला', १९६३ चं. पण प्रभूंच्या चालीत सावळारामांचे शब्द जसे सैल होऊन बसतात तसे इतरत्र क्वचित.

घोडबंदर_गजाली

'देव जरी मज'! आमच्या घरी आई झाली की तिनं हे गायलंच पाहिजे असा नियम होता. बायको कर्नाटकातली, तिला मराठी जेमतेम, पण मुलगा झाला तेव्हा तिनंही शिकून घेतलं. 'ळ' तिचा आमच्यापेक्षा चांगला.

मी संपूर्ण गाणं इथे टंकतो थांबा.

संपादक_मंडळ

गजाली, थांबा. सदस्यांनी कृपया गाण्यांचे पूर्ण शब्द इथे देऊ नयेत. लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क राहतात. सावळाराम १९९७ ला गेले, म्हणजे त्यांचं लेखन २०५७ अखेरपर्यंत हक्कात आहे. पहिली ओळ, गाण्याबद्दलच्या आठवणी, चर्चा, सगळं चालेल. धागा सुंदर चाललाय, चालू द्या.

घोडबंदर_गजाली

मान्य. २०५८ ला माझ्या नातवाला टंकायला सांगून ठेवतो.

वाळव्याचा_पाव्हणा

संपादकांचं बरोबर आहे. २०१२ साली कायद्यात बदल झाला आणि गीतकार-संगीतकारांना वाजणाऱ्या गाण्याच्या पैशातला वाटा हक्कानं मिळू लागला. त्याआधीच्या पिढीतल्या कितीतरी जणांनी एकदाच पैसे घेऊन शब्द दिले आणि ते शब्द पुढे पन्नास वर्षं मांडवामांडवात वाजत राहिले. शब्दाला दाम मिळालाच पाहिजे.

माजघर (२९ नोव्हेंबर)

मंडळी, हा सगळा धागा मी काल जेवताना लेकीला वाचून दाखवला. नगराध्यक्ष होते हे ऐकून ती चकित झाली. "म्हणजे ज्यांनी हे लिहिलं त्यांच्याकडे लोक पाण्याची तक्रार घेऊन जायचे?" असं दोनदा विचारलं. कोपरीकर आजींचं वाचताना तिनं चमचा खाली ठेवला. पण मत तेच. म्हणाली, "आजींची आई फार भारी होती. पण आई, मी अर्ध्या तासावर चाललेय, आणि रोज फोन करणार आहे. त्या गाण्यातलं रडणं मी उसनं कशाला आणू?" मला हे पटलं. साउंडवाल्याला फोन करून सांगितलं की पाठवणीला नुसती सनई ठेव, आणि जेवणाच्या पंगतीला सावळारामांची गाणी लाव. यादी मी करून दिली. 'लेक लाडकी या घरची', 'घरात हसरे तारे असता', 'मानसीचा चित्रकार तो', 'हरवले ते गवसले का', आणि गजालीभाऊंचं 'जेथे सागरा' दोनदा.

तलावपाळी

छान तोडगा. पंगतीला सावळाराम म्हणजे जिलबीवर केशर. लग्न छान होऊ दे.

पहाटवेळ

लेकीला आशीर्वाद. 'मानसीचा चित्रकार तो' यादीत घातलंत हे फार बरं केलंत.

कोपरीकर_आजी

लेकीच्या पदराला गाठ बांधशील ना? काय बांधशील ते तू ठरव. नातू म्हणतो चार्जर बांधा.

माजघर (१४ डिसेंबर)

लग्न पार पडलं. तुम्हा सगळ्यांना कळवायचं राहून गेलं होतं, माफ करा.

पंगतीला गाणी वाजली. साउंडवाल्यानं क्रम उलटापालटा केला, मधेच एक हिंदी गाणंही घुसलं, पण 'जेथे सागरा' लागलं तेव्हा व्याही आग्रहाचं श्रीखंड वाढता वाढता थांबले आणि पूर्ण होईपर्यंत तसेच हातात वाडगा घेऊन उभे राहिले. पाठवणीला सनई होती. लेक हसत गाडीत बसली. मी रडले, सासूबाई नाही रडल्या. आजी, गाठ बांधली. चार्जर नाही, घराची किल्ली बांधली.

पण खरं सांगायचंय ते वेगळंच. परवा ती पाचपरतवणासाठी आली. चहा झाला, आणि ती उठून सासूबाईंजवळ ओट्यापाशी गेली. म्हणाली, "आजी, 'गंगा जमुना'चं दुसरं कडवं काय आहे?" मी आणि सासूबाई एकमेकींकडे बघत राहिलो. ती म्हणाली, "आई रोज सकाळी पोळ्या लाटताना ते म्हणतात. पहिलं कडवं झालं की त्यांना पुढचं आठवत नाही. मग पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. रोज. मला राहवेना, मी म्हटलं मी आणून देते." इथली आई मी, तिथली आई त्या, आम्ही दोघीही तिला 'आई'च, त्यामुळे वाक्य कळायला मला क्षणभर लागला. पोळ्या लाटताना गाणारी तिची सासू होती.

फोनवर शोधून ऐकवता आलं असतं, ते तिच्याही लक्षात आलं नसेल असं नाही. पण ती सासूबाईंना विचारत राहिली आणि सासूबाई सांगत राहिल्या. म्हणून दाखवल्याशिवाय त्यांना शब्द आठवेनात, म्हणून त्या गायच्या, थांबायच्या, ती लिहायची. कागद म्हणून गॅसचं जुनं बिल घेतलं होतं, त्याच्या पाठीवर. लिहिता लिहिता म्हणाली, "'दिल्या' मला अजून पटत नाही हं, आजी." सासूबाई म्हणाल्या, "नको पटू दे. नीट लिही, तिथे काना राहिला." बिलावर पिठाचं एक बोट उमटलंय.

दुसरं कडवं पूर्ण झालं. शेवटचं मात्र सासूबाईंनाही अर्ध्यावर येऊन आठवेना. तिघी बसलो होतो, तिघींनाही नाही. लेकीनं ती जागा कोरी ठेवली आणि बिल घडी करून पर्समध्ये टाकलं. म्हणाली, "फोनवर नको बघायला. कुणाला येत असेल तर विचारा."

म्हणून विचारतेय.

कोपरीकर_आजी

मला येतं, सगळं. नंबर नातवानं व्यक्तिगत निरोपात टाकलाय. रात्री आठनंतर कर, तोवर मालिका संपते. लेकीला म्हणावं पेन घेऊन बस, मी एकदाच म्हणीन असं नाही, लागेल तितक्यांदा म्हणीन.